चार बोटं फट

"पडदी आहे ती," गिरणीवाला म्हणाला. "मीच बांधलीय. तुला बघायचं तर बघ, पण ती पडदी आहे."

गवंड्यानं अजून काही विचारलंच नव्हतं. तो दारात वाकून चपला काढत होता. त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधलेलं शिशाचं वजन त्याच्या पिशवीत कायम असायचं, आणि त्याचा स्वतःचा डावा खांदा मात्र उजव्यापेक्षा खाली उतरलेला होता. गावातल्या सगळ्या भिंती सरळ केल्या, स्वतःचं तेवढं राहून गेलं, असं लोक म्हणायचे. तोही म्हणायचा.

"आधी पाणी तरी देशील?" ओळंबा म्हणाला.

"काय?"

"पाणी."

"राणी? कोण राणी?"

आतून लेक तांब्या घेऊन आली. "काका, त्यांच्या डाव्या कानाशी बोला. उजवा कामातनं गेलाय."

"तुझ्या बापाला न विचारलेलं बरोबर ऐकू येतं गं. विचारलेलं तेवढं राहतं."

गिरणीवाल्याचे कान गिरणीनं खाल्ले होते. चाळीस वर्षं त्या दगडांच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे दुसरं काय होणार. माणसांचं बोलणं त्याला लांबून, पाण्याखालून आल्यासारखं यायचं. पण बोटं शाबूत होती. पीठ चिमटीत धरलं की दगड किती घासलाय, धान्यात ओल किती आहे, सगळं सांगायचा. तळपायांना तर गिरणीचा पट्टा सैल झालेला पट्टा सुटायच्या आधी कळायचा.

अंगणात टेम्पो उभा होता. त्यात ताडपत्रीखाली लेकीचा माग होता, सुटा केलेला. खांब, आडवी लाकडं, फणी, सगळं दोरीनं बांधून निजवलेलं. शहरातली तिची भाड्याची खोली गेली होती. नवऱ्याशी तिचं जमलं नाही त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती आणि माग अशी दोघंच होती. आता दोनच वाटा होत्या. एक म्हणजे इथं, बापाच्या घरी. दुसरी म्हणजे एका दिवसाच्या रस्त्यावर, एका कारखानदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं आणखी तीस माग होते आणि वर्षातनं एकदा सुट्टी होती. टेम्पोवाला परवा सकाळपर्यंत थांबायला तयार होता. तो गाडीखालीच सतरंजी टाकून झोपला होता.

माग उभा करायला अकरा हात जागा लागत होती. खोली होती सात हात. पलीकडची, चुलीची, तीही सात हात. मध्ये ही भिंत.

"पडदी असली तर उद्या दुपारपर्यंत पाडून देतो," ओळंबा म्हणाला. "आणि भार घेणारी असली तर हात लावणार नाही. मला म्हातारपणी छप्पर डोक्यावर घ्यायचं नाही."

"अरे, पडदीच आहे. अर्ध्या विटेची. पाया नाही. आणि वर चार बोटं फट ठेवलीय. तूच शिकवलं होतंस. पडदीनं तुळईला शिवायचं नाही, तुळईनं पडदीवर अंग टाकायचं नाही."

"मी शिकवलं?" ओळंब्यानं लेकीकडे बघितलं. "तेव्हा मी हुशार होतो वाटतं."

घर मुळात एकच लांब खोली होती. मधोमध, पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत, एक तुळई. दोन्ही बाजूंच्या आडव्या लाकडी कड्या तिच्यावर येऊन टेकलेल्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर माळा. ती तुळई गिरणीवाल्यानं स्वतः निवडून आणली होती. आठ माणसं लागली होती उचलायला. घरी कुणीही आलं की तो वर बोट दाखवायचा. "हिच्यावर हत्ती उभा करा." चुलीपाशी बसलेली त्याची बायको तिथूनच म्हणायची, "आधी हत्ती आणा." हे इतक्या वेळा झालं होतं, की पाहुणे हत्तीचं नाव निघालं की चुलीकडे बघायचे.

लेक रांगायला लागली तेव्हा चुलीचा धूर अडवायला त्यानं तुळईखाली ही पडदी घातली. एक दार ठेवलं. वरची फट बायकोनं पुढं लिंपून टाकली. उंदीर येतात म्हणाली.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. मागच्या थंडीत गेली.

ओळंब्यानं हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकायला सुरुवात केली. कोपऱ्यापासून दारापर्यंत, खालून वर. मध्येच थांबायचा, मान तिरकी करायचा, परत ठोकायचा. मान तिरकी केली की खांदे एका रेषेत यायचे.

"काय म्हणतेय?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"तुला ऐकू येत नाही का?"

"येत असतं तर तुला बोलावलं असतं?"

"खाली पोकळ वाजतेय. पडदीसारखी. वर मात्र…" त्यानं परत ठोकलं. "वर दबलेली वाजतेय. पोरी, तू ऐक."

लेकीनं ऐकलं. "वर आवाज बसका येतोय, बाबा."

"माती आहे तिथं. तुझ्या आईनं लिंपलेली. मातीचा आवाज बसकाच येणार."

गिरणीवाल्यानं भिंतीला तळहात लावला. ऑक्टोबरची दुपार होती. बाहेर वारा तापला होता आणि मागच्या खिडकीतनं उन्हाची एक पट्टी आत येऊन जमिनीवर पडली होती. भिंत गार होती. ओळंबा ठोकत होता आणि तो ठोका तळहातातनं कोपरापर्यंत येत होता. कुठंतरी असाच ठोका आपण आधी ऐकलाय, असं त्याला वाटलं. हातानं नाही, पायानं. कुठं ते आठवेना. मग ओळंबा थांबला आणि ते वाटणंही थांबलं.

"हे दार का असं?" ओळंब्यानं दार ओढलं. अर्धं उघडून ते चौकटीत अडकलं.

"फुगलंय."

"कधीपासून?"

"झालं सहा-सात महिने. रंधा मारून घ्यायचाय."

"दोन वर्षं पाऊस नाही," ओळंबा म्हणाला. "विहिरीत दगड दिसतायत. आणि तुझं दार फुगलं."

गिरणीवाल्याला हे ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. तो म्हणाला, "चहा टाक गं पोरी."

चहा पिताना ओळंबा भिंतीकडेच बघत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "एक साधी परीक्षा आहे. फट खरंच मोकळी असेल, नुसती माती असेल, तर माती खरवडून वरून दोरा ओढता येईल. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोरा गेला तर पडदी."

लेकीनं मागाच्या सामानातनं ताण्याचा दोरा काढला. पक्का, पिळाचा. ओळंबा स्टुलावर चढला. पातळ पात्यानं त्यानं तुळईखालची मातीची रेघ उकरली. कोरडी माती त्याच्या भुवयांवर पडत राहिली. गिरणीवाला खाली स्टूल धरून उभा होता आणि वर बघत होता, परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापासारखा.

दोरा कोपऱ्यातनं आत गेला. लेक पलीकडच्या खोलीत, ओळंबा इकडे. दोघांनी दोरा धरून दाराच्या दिशेनं सरकवत आणला. वीतभर आला.

"बघ," गिरणीवाला म्हणाला.

मग दोरा अडकला. ओळंब्यानं हलवला, ओढला, ढिला सोडून परत ओढला. जाईना.

"खडा असेल," गिरणीवाला म्हणाला.

त्यांनी पुढून दोरा घातला. परत वीतभर गेला, परत अडकला. तिसऱ्या वेळेला तुटला. लेक तुटकं टोक हातात धरून बघत राहिली. त्या दोऱ्यानं कधी तुटण्याचा त्रास दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

"पडदी आहे," गिरणीवाला म्हणाला. या वेळी जरा हळू.

ओळंबा खाली उतरला आणि भिंतीच्या बुडाशी उकिडवा बसला. त्यानं फरशीवरून बोट फिरवलं. मग गिरणीवाल्याचा हात धरून त्यालाही खाली बसवलं आणि त्याचं बोट तिथं नेलं. भिंतीलगत फरशी थोडी खाली गेली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं. बोटाला कळत होतं. जड पोतं बरेच दिवस एका जागी ठेवलं की खालची जमीन जशी होते, तशी.

"नुसत्या स्वतःच्या वजनानं भिंत एवढी बसत नाही," ओळंबा त्याच्या डाव्या कानात म्हणाला. "हिच्यावर कुणीतरी बसलंय."

गिरणीवाल्याला राग आला. कुणाचा ते त्याला सांगता आलं नसतं. "मी बांधलीय का तू?"

"तूच."

"मग मला माहीत का तुला?"

"बांधली तेव्हाचं तुला माहीत," ओळंबा म्हणाला. "आताचं भिंतीला माहीत. उद्या वरचं सगळं खरवडून बघतो. आज उजेड गेला."

उजेड गेला नव्हता. ओळंब्याला घरी जायचं होतं, किंवा मित्राला एकटं सोडायचं होतं.

संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, नसेल पडत तर राहू दे. शेडमध्ये पगार वेळेवर आहे म्हणतात."

"हं."

"मी महिन्यातनं एकदा येत जाईन."

"वर्षातनं एकदा सुट्टी म्हणालीस ना."

"ऐकू येत नाही म्हणता आणि हे ऐकलंत."

तो हसला. मग दोघंही जेवत राहिले. ताटात बोट फिरवताना त्याला आठवत होतं, की गेलं वर्षभर त्यानं एकाच खोलीत दिवस काढले होते. दार अडकायला लागल्यापासून चुलीच्या खोलीत तो फक्त तिरका होऊन जायचा, आणि तिथं फार वेळ थांबायचाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गिऱ्हाइकं आली, म्हणून त्यानं गिरणी सुरू केली. दुष्काळ पडल्यापासून गिरणी रोज लागत नव्हती. लोक धान्यही मूठ मूठ बघून आणायचे. पोतं ओतताना दाणे मोजल्यासारखे बघायचे. गिऱ्हाइकं पिशव्या ठेवून बाजाराला गेली. ओळंबा घरात स्टूल लावत होता. "तू जा, तुझं काम कर," त्यानं सांगितलं होतं. "तू खाली उभा असलास की मला वाटतं, मीच परीक्षेला बसलोय."

गिरणी घराला लागूनच होती. इंजिन धरलं, पट्टा फिरायला लागला, दगड बोलायला लागला. पत्र्याच्या भोकांतनं उन्हाचे कवडसे खाली आले आणि त्यांच्यात पीठ तरंगायला लागलं. गिरणीवाला रिकाम्या पोत्यांवर टेकून बसला. इतक्या वर्षांनी त्याला या आवाजात आवाज ऐकू यायचा नाही, नुसती शांतता वाटायची. डोळे मिटले की कवडसे पापण्यांच्या आतही तरंगायचे. अशा वेळी बायको जेवण घेऊन यायची. तिचं बोलणं त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून ती बोलायचीच नाही. डबा त्याच्या गुडघ्याला टेकवायची. आताही गुडघ्याला काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. त्यानं डोळे उघडले नाहीत.

आणि तेव्हा तो ठोका आला.

ठक. ठक. मग थांबून, ठक.

तळपायांतनं. गिरणीचा नव्हे. गिरणीच्या थरथरीच्या खालून, वेगळा.

हा ठोका त्याच्या ओळखीचा होता. वर्षातनं एकदा यायचा. उन्हाळा सरता सरता, दुपारचा, गिरणी भर जोरात असताना. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला वाटलं दगड सुटलाय. त्यानं इंजिन बंद केलं. ठोका बंद. इंजिन सुरू केलं. थोड्या वेळानं परत ठक, ठक. पुन्हा बंद केलं, पुन्हा नाही. दगड उचलून बघितला, टाकी लावली, कण्याला वंगण दिलं, पट्टा बदलला. शहरातनं मिस्त्री आणला होता एकदा. मिस्त्री दिवसभर गिरणीला कान लावून बसला, जेवून गेला. घरी येऊन गिरणीवाल्यानं बायकोला सांगितलं, की गिरणीत एक ठोका आहे, चालू असताना येतो आणि बंद केली की जातो. ती म्हणाली होती, "मग बंद कशाला करता?"

गिरणीवाला उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ठोका आल्यावर इंजिन बंद केलं नाही. गिरणी तशीच चालू ठेवून तो अंगणातनं घराकडे निघाला. टेम्पोवाला गाडीखालून बघत राहिला. म्हातारा अनवाणी होता आणि त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत पीठ होतं.

घरात ओळंबा स्टुलावर होता. हातोडीनं तो तुळईखाली काहीतरी हळूहळू ठोकत होता. लेक स्टूल धरून होती.

"तू ठोकतोयस?"

"जरा हलवून बघतोय. अरे, इकडे ये. बघ हे काय आहे."

"गिरणी चालूच आहे का?" लेकीनं विचारलं. "बाबा, दाणे संपले तर दगड जळतील." तो ऐकेना, तेव्हा तीच पळत गेली. तळपायांखालची थरथर थांबली. ती परत येईपर्यंत गिरणीवाला स्टुलावर चढला होता आणि ओळंबा खाली उतरून त्याचे पाय धरून उभा होता.

माती सगळी निघाली होती. तुळई आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटं फट होती, त्यानं सोडलेली. आता तेवढी राहिली नव्हती, तीन बोटं म्हणू. आणि त्या फटीत पाचरी होत्या. एका ओळीत, वीत-वीत अंतरावर एकेक, तुळईच्या पोटात दाबून बसवलेल्या. सतरा होत्या.

आणि त्यांच्या वर तुळईच्या पोटाला मधोमध एक चीर होती. बोट जाईल एवढी. चिरेच्या कडा जुन्या, काळ्या पडलेल्या. आजची नव्हती, कालचीही नव्हती.

गिरणीवाल्यानं चिरेत बोट घातलं आणि तसंच ठेवलं.

मग त्यानं पाचरी चाचपल्या. एक गुळगुळीत होती, पाळण्याचा दांडा. एक जाडजूड, साबणानं पांढरी झालेली. कपडे बडवायच्या धोपाटण्याचा तुकडा. हरवलं म्हणून तो बायकोला बोलला होता. "घरातलं लाकूड घरातच कसं हरवतं?" तिसरी पाटाचा पाय. त्या पाटावर बसल्यावर तो एकदा कलंडला होता आणि पाहुण्यांसमोर त्याची फजिती झाली होती. एक मापट्याचा तुकडा. खालची बाजू सगळ्यांची चाकूनं निमुळती केलेली, नीट, एकाच हातानं.

"दार फुगलं नव्हतं," ओळंबा म्हणाला. "तुळई उतरतेय. चौकटीवर बसलीय."

गिरणीवाल्याचं बोट परत चिरेकडे गेलं. त्याला ऐकू आलंय हे दोघांनाही दिसत होतं.

"मला आठवतंय," लेक म्हणाली. ती वर बघत होती. "मी सहा-सात वर्षांची असेन. आई स्टुलावर चढायची आणि मी स्टूल धरायची. गिरणी सुरू झाली की चढायची. मी विचारलं, काय करतेस. म्हणाली, उंदरांची वाट बुजवतेय. बाबांना सांगू नकोस, त्यांना उंदरांची भीती वाटते."

"मला?"

"मला खरंच वाटायचं, तुम्ही उंदरांना घाबरता."

ओळंबा हसायला लागला होता, पण मध्येच थांबला. खांबावर टेकल्यासारखा दाराच्या चौकटीला टेकला. "मला एकदा विहिरीवर विचारलं होतं वहिनींनी. भावजी, पडदीवर भार टाकला तर ती घेते का. मला वाटलं, फळी-बिळी ठोकायची असेल. म्हटलं, घेते की. पण एकदम टाकू नका, मोडेल. थोडा थोडा टाका. तिला सवय व्हायला पाहिजे." त्यानं वर बघितलं. "मी घागर उचलून दिली आणि विसरून गेलो."

"हा माझा आहे," लेक म्हणाली. तिनं हात उंच करून एका पाचरीला बोट लावलं. दोन्हीकडे निमुळता, मधे पोकळ. धोटा होता; मागावर दोरा इकडून तिकडे नेणारा. "मी शहरात गेले त्या वर्षी सापडत नव्हता. मी रडले होते त्याच्यासाठी. आई म्हणाली, असू दे, घरातच असेल."

शेवटची पाचर दाराजवळ होती. ती बाकीच्यांसारखी आत गेलेली नव्हती. अर्धी बाहेर होती, घाईनं थापलेली माती अजून तिला चिकटलेली. गिरणीवाल्यानं ती धरली आणि त्याच्या मुठीला ती लगेच कळली. गिरणीतल्या लाकडी सुपलीची मूठ. अंगठा जिथं बसायचा तिथं खड्डा पडलेला, त्याच्याच अंगठ्याचा. मोडलेली सुपली त्यानं दुरुस्तीला कोपऱ्यात टाकली होती, आणि मूठ गेली म्हणून एका गिऱ्हाइकाशी भांडला होता.

मागच्या थंडीत एका दुपारी तो जेवायला लवकर आला होता. धान्य नव्हतं, म्हणून गिरणी मध्येच बंद केली होती. बायको इथं, दाराजवळ, जमिनीवर बसली होती. शेजारी स्टूल. श्वास लागला होता आणि कपाळाला घाम होता. तो ओरडला होता. या अंगानं स्टुलावर कशाला चढतेस, कुणी सांगितलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जाळं होतं." त्यानं वर बघितलं होतं. जाळं दिसलं नव्हतं. त्याला वाटलं, काढून झालं असेल. त्यानंतर ती उठून फिरली नाही.

"उतर," ओळंबा म्हणाला. "पडशील."

तो उतरला. उन्हाच्या पट्टीत बसला. पीठ त्याच्या अंगावरून उडून पट्टीत तरंगत होतं. बाहेर टेम्पोवाला खाकरला.

"म्हणजे भार घेणारी आहे," गिरणीवाला शेवटी म्हणाला.

"बांधली पडदी," ओळंबा म्हणाला. "झाली भिंत."

"मग पाडायची नाही."

"तसं नाही म्हटलं मी." ओळंबा उठला. तो आता कामाला लागला होता आणि त्याचा आवाज बदलला होता. "पडदी चुकून भिंत झाली, तर तिचं काम दुसऱ्या कुणालातरी द्यायला पाहिजे. आधी तुळईला दोन टेकू लावतो, जॅकवर. मग मधोमध, दाराच्या चौकटीला लागून, एक खांब उभा करायचा, खाली दगडी उथळा, म्हणजे बैठक, देऊन. दाराच्या इकडची भिंत जाईल, तिकडची राहील, पाचरी काढून परत पडदी म्हणून, दारही राहील. तुझा माग दारापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही खोल्यांत जाईल. अकरा हात ना? चौदा मिळतील."

"खांब घेईल?"

"सगळी भिंत घेत होती तेवढं एकटा घेईल. माझ्याकडे एक आहे, जुन्या गोठ्याचा. वाकडा नाही. माझ्यासारखा नाही."

लेकीनं बापाकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. भिंत पाडायची म्हणजे त्या सतरा जागा जाणार होत्या. बायकोनं गिरणीच्या आवाजाआड, एकेका वर्षी एकेक, भरलेल्या. त्यानं हे मनात कसं फिरवलं ते कुणाला कळलं नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पाचरी फेकायच्या नाहीत."

"नाही फेकत."

"सतरा आहेत. मोजून दे."

टेम्पोवाल्याचा जॅक घेतला. त्यालाही बोलावला, फुकट झोपायला मिळालं म्हणून. दुपारी टेकू लागले. ओळंबा जॅकचा दांडा एकेक दात फिरवायचा आणि थांबून वर बघायचा. गिरणीवाला टेकूला तळहात लावून उभा होता. "थांब," तो मध्येच म्हणायचा, आणि ओळंबा थांबायचा. "आता दे." लाकूड काय म्हणतंय ते हाताला कळत होतं. तुळई केसभर वर गेली, आणखी केसभर.

मग दार आपोआप उघडलं.

कुणी हात लावला नव्हता. सात महिने अर्ध्यावर अडकलेलं दार चौकटीतनं सुटलं आणि हळूच, आवाज न करता, भिंतीला जाऊन टेकलं. चुलीची खोली समोर आली, कोपऱ्यापर्यंत. सगळे दाराकडे बघत राहिले. कोणीतरी आत येईल म्हणून वाट बघावी, तसे. मग लेक म्हणाली, "वारा असेल," आणि टेम्पोवाला म्हणाला, "कुठं आहे वारा?"

पाचरी गिरणीवाल्यानं स्वतः काढल्या. भार उतरला होता, तरी एकदम सुटल्या नाहीत. तो प्रत्येक हलवून, बाजूनं ठोकून काढायचा आणि लेकीच्या ओंजळीत ठेवायचा. मग भिंत पडली. दीड तासाचं काम होतं. विटा कोरड्या होत्या, माती मऊ होती. पलीकडचा उजेड पहिल्यांदा इकडे आला तेव्हा धूळ इतकी होती, की दोन्ही खोल्या एकाच ढगात होत्या.

संध्याकाळच्या आत खांब उभा राहिला. ओळंब्यानं दोरी सोडून बघितली, मान तिरकी केली. खांब सरळ होता. पण वर, खांब आणि तुळई यांच्यात, तिरकी फट राहिली होती. एका बाजूला बोटभर.

"पाचर पाहिजे," ओळंबा म्हणाला. "मी नवीन तासतो."

"थांब," गिरणीवाला म्हणाला.

त्यानं सुपलीची मूठ घेतली. स्टुलावर चढला. लेक पुढं झाली आणि तिनं स्टूल धरलं, दोन्ही हातांनी, खाली बसून, जसं लहानपणी धरायची तसं.

"एकदम नको, बाबा."

"माहीत आहे."

त्यानं मूठ फटीत सरकवली. डावा हात खांबाला लावला. उजव्यानं ठोकलं. ठक. थांबला, हातानं ऐकलं. ठक. ओळंबा खालून काहीतरी सांगत होता, ते त्याला ऐकू येत नव्हतं आणि लागतही नव्हतं. ठक. अर्धी राहिलेली मूठ पाव राहिली. मग दिसेनाशी झाली. खांबात एक भरलेला, जड ठोका आला आणि त्याच्या पायापर्यंत उतरला. तो थांबला.

ओळंब्यानं जॅक हळूच ढिला केला. तुळई जरा कण्हली आणि खांबावर बसली. फळ्यांमधनं थोडी माती गळली.

"पुढच्या उन्हाळ्यात परत बघायला लागेल," ओळंबा लेकीला म्हणाला. "लाकूड आहे, बसतं थोडं थोडं. दर वर्षी एक पाचर. सोळा आहेत तुझ्याकडे."

"पंधरा," ती म्हणाली. "धोटा मी घेणार आहे. लागतो मला." मग ती टेम्पोवाल्याकडे वळली. "भाऊ, ताडपत्री सोडा. माग उतरवू."

टेम्पोवाला बाहेर गेला. ओळंबा हात धुवायला गेला. गिरणीवाला स्टुलावरच उभा होता, तुळईकडे तोंड करून, तळहातानं एकच जागा पुसत.

"उतरा आता," लेक म्हणाली.

तो उतरला नाही. तिला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं त्याच्या पायाला हात लावून परत सांगितलं.

"थांब जरा," तो म्हणाला. तोंड न वळवता. "जाळं आहे इथं."

लेकीनं वर बघितलं. जाळं कुठंच नव्हतं. तिनं स्टूल तसंच धरून ठेवलं.